दोन लाख पेसोंचा हिशेब

(पडद्यावर: रात्र, पाऊस, जाळी लावलेलं चिंचोळं दुकान)

मनिला महानगरातल्या मांडालुयोंगमधली एक दाटीची वस्ती. या दुकानात शांपूची एक पुडी मिळते, एक सुटी सिगारेट मिळते, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं एका भाजीपुरतं तेल मिळतं. फिलिपिन्समध्ये अशा दुकानाला म्हणतात ‘सारी-सारी’, आणि या सुट्या विक्रीला ‘तिंगी’. गिऱ्हाइकाच्या हातात रोजची मजुरी रोज पडते, म्हणून मालही रोजच्यापुरताच. नफा चिल्लरीत, आणि त्यातलाही बराचसा उधारीच्या वहीत अडकलेला.

ब्रिलांते मेंडोझा यांचा 2016 चा ‘मा रोसा’ या दुकानाच्या मालकिणीचा चित्रपट आहे. सुरुवातीलाच रोसा सुपरमार्केटात माल भरते आणि गल्ल्यावरची मुलगी सुट्ट्या पैशांऐवजी तिला गोळ्या देऊ करते. आपल्याकडे चॉकलेट हातावर ठेवतात, अगदी तसंच. रोसा कुरकुरते. तिच्यासाठी ते चार-दोन सेंतावोही (पेसो या तिथल्या चलनाचे सुटे पैसे) हिशेबातले आहेत. हा प्रसंग नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा चित्रपट रकमांवरच चालतो.

दुकानात आणखी एक माल आहे: ‘आईस’, म्हणजे मेथअँफेटामिन. तोही तिंगीच, चिमूटभराच्या पुड्यांत.

(पडद्यावर: गल्लीतून पळणारी पावलं, हलता कॅमेरा)

धाड पडते. रोसा आणि तिचा नवरा नेस्तोर यांना पोलीस ठाण्यात नेतात, पण समोरच्या टेबलापाशी नाही, मागच्या खोलीत. मागणी होते 2,00,000 पेसोंची. तेव्हाच्या दराने साधारण पावणेतीन-तीन लाख रुपये. मनिलात त्या वर्षी किमान मजुरी होती दिवसाला पाचशे पेसोंच्या आत. म्हणजे चारशेहून जास्त दिवसांची कमाई.

एवढा आकडा मागता येतो, कारण त्यामागे कायद्याचा धाक आहे. 2002 च्या अमली पदार्थ कायद्यात विक्रीला जन्मठेप आहे, माल कितीही कमी असो, आणि वर पाच लाखांपासून एक कोटी पेसोंपर्यंत दंड. पाच ग्रॅमच्या आतला माल नुसता जवळ सापडला, तरी बारा वर्षं एक दिवस ते वीस वर्षं. शिक्षा जितकी जबर, तितका सुटकेचा भाव चढा.

पंचनाम्याचे नियमही कडक आहेत. जप्त माल लगेच मोजायचा, फोटो काढायचे, आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर. शिवाय निवडून आलेला लोकप्रतिनिधी हवा, आणि सरकारी वकिलांचा प्रतिनिधी किंवा पत्रकार हवा. चोवीस तासांत माल प्रयोगशाळेत गेला पाहिजे. हे सगळं कागदावर आलं, की तोडपाणी अवघड होऊन बसतं. मागच्या खोलीत कागदच होत नाही.

पैसे नाहीत म्हटल्यावर दुसरा सौदा पुढे येतो. त्याला तिकडे शब्द आहे ‘पालित-उलो’: डोक्याच्या बदल्यात डोकं. रोसा माल पुरवणाऱ्या जोमारचं नाव देते. पैशासाठी केलेल्या अशा अटकेलाही शब्द आहे, ‘हुलिदाप’. ‘हुली’ म्हणजे पकडणं, पुढे लुटारूंच्या ‘होल्ड-अप’ची शेपटी. दोन्ही शब्द बोलीत रुळलेत, यावरून प्रकार किती नित्याचा झालाय ते कळावं.

जोमारला पकडून त्याच्याकडूनही पैसे उकळले जातात, तरी पन्नास हजार बाकी राहतात. ते जमवायला मुलं बाहेर पडतात. एक मुलगा घरातला टीव्ही विकायला काढतो. मुलगी नातेवाइकांच्या दारी जाऊन बोलणी खाते. दुसरा मुलगा स्वतःचं शरीर विकतो. मेंडोझा इथे कुणालाही रडवत नाहीत. किती मिळाले, किती उरले, एवढंच. मला हाच भाग सगळ्यात कठोर आणि सगळ्यात खरा वाटतो.

रोसा साकारणाऱ्या जॅकलिन होसे यांना मे 2016 मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फिलिपिन्सला तो पहिल्यांदाच मिळत होता. पडद्यावरची मुलगी, अँडी आयगेनमान, त्यांची खरीच मुलगी. त्याच महिन्यात रोद्रिगो दुतेर्ते फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते. 30 जूनला त्यांनी सूत्रं हाती घेतली आणि अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत अशाच वस्त्यांमध्ये माणसं मारली जाऊ लागली. होसे 2024 च्या मार्चमध्ये गेल्या.

(पडद्यावर: रस्त्याकडेची गाडी, उकळतं तेल)

थोडी रक्कम अजूनही कमी पडते, म्हणून रोसा मोबाइल गहाण टाकायला बाहेर येते. पैसे मिळतात. दिवसभर पोटात काही नाही. ती काडीला टोचलेले फिशबॉल घेते आणि उभ्यानेच खाऊ लागते. समोर एक कुटुंब आपलं छोटंसं दुकान आवरतंय. रोसा बघत राहते. तोंडातला घास फिरतो, डोळे भरतात, आणि ती चावत राहते.