गोळी, भुकटी आणि रद्दीचा ढीग

मंडळी, जून लागला की मराठवाड्यात गावोगावच्या ग्रंथपालांना एकच प्रश्न पडतो: पुस्तकांना कसर लागली, काय टाकू? कुणीतरी सांगतं, धान्यात टाकतात ती गोळी टाका. आज मी जास्त वेळ या गोळीवरच घेणार आहे, कारण ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालच्या, ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो. तो खोलीत पडला तर बघायला दुसरं कुणी नसतं.

ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. त्यासाठी पाणी लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. दाराच्या फटीतून हा वायू शेजारच्या अभ्यासिकेत शिरतो आणि तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं रात्र रात्र बसलेली असतात. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. पण वास नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका. या विषावर उतारा नाही. शिवाय हा वायू तांबं खातो, म्हणजे वायरिंग आणि कॉम्प्युटरही जातात. गोळीची राखाडी भुकटी राहते, तिच्यातही औषध शिल्लक असू शकतं. तिच्यावर ओला पोछा फिरवू नका. हे काम परवानाधारक माणसाचंच आहे.

मग कसरीचं करायचं काय? पुस्तकं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 ते 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. 24 तास तशीच राहू द्या, नाहीतर गार पुस्तकावर दव धरतं आणि कसर जाऊन बुरशी येते. आधीच भिजलेलं पुस्तक 48 तासांच्या आत वाळवायला घ्या. पंख्याखाली, उन्हात नाही.

जुन्या कपाटांच्या तळाशी पांढरी पूड दिसली तर ती चुना समजून झटकू नका. एकेकाळी डीडीटी आणि गॅमेक्झिन ही कीटकनाशकं सर्रास शिंपडली जायची आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. जुन्या पोथ्यांवरचा पिवळा लेपही पुष्कळदा हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकचा असतो. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय इथे मोडाच. हातमोजे घाला, एन-95 मास्क लावा, काम झालं की साबणानं हात धुवा.

रॅकचं थोडक्यात सांगतो. एक मीटर रांगेत साधारण 30 किलो पुस्तकं मावतात. भरताना खालून वर भरा, रिकामी करताना वरून खाली. रॅक भिंतीला पट्टीनं बांधलेला हवा.

आता रद्दी. वर्तमानपत्रांचे गठ्ठे जमिनीवर रचले की उंदीर येतात आणि उंदरामागं साप. मण्यार रात्री फिरते, दिवसा अशाच सांदीत दडते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. म्हणून गठ्ठे फळीवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि हात घालण्याआधी काठीनं हलवा. विंचूही तिथेच असतो. साप चावल्याची नुसती शंका आली तरी जखम कापू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. तिथली सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.