गावात बसायला जागा आहे का?

(साताऱ्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'महाराष्ट्रातील राहण्याजोगी शहरे: एक तौलनिक विचार'. हे शब्द संयोजकांचे. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर आणि संभाजीनगर या पाच गावांतल्या मुख्य बाजारपेठांबद्दल बोलतो. छापखान्यात जाईपर्यंत त्याला मिशा फुटल्या.

पुणे आणि कोल्हापूर यांची तुलना करायला साताऱ्याइतकी सुरक्षित जागा नाही. दोन्ही गावं इथून साधारण सारख्याच अंतरावर, आणि दोन्हींबद्दल तुमचं मतही साधारण सारखंच. (हशा) मुंबई आज घेतलेली नाही. तिला कुणाशी तुलना केलेली आवडत नाही, आणि इथे बसून ऐकायला तिला वेळही नसतो.

केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयानं २०१८ साली १११ शहरांची क्रमवारी लावली होती, कुठे राहणं किती सोयीचं याची. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी, ठाणे सहावं. महाराष्ट्राचा नुसता गुलाल उधळायचा बाकी होता. पुढची यादी २०२० सालची, तीत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. पहिली यादी शास्त्रशुद्ध होती आणि दुसरीच्या निकषांत गडबड होती, असं माझ्या पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांचं एकमतानं मत आहे.

माझं भांडण क्रमांकाशी नाही. पहिल्या यादीला ७८ निकष होते. पाणी, कचरा, शाळा, दवाखाने, रोजगार, सगळं मोजलं. चांगलंच केलं. मी आयुष्यभर नगररचनेचे नकाशे काढले आहेत, मोजण्याला नावं ठेवणार नाही. पण माझी कसोटी साधी आहे. सत्तरीची एक बाई दुपारी चारला एकटी बसनं गावात येते. सोनाराकडे तुटलेली साखळी जोडायला टाकलीय ती घ्यायची, चष्म्याची काडी बसवायची, येताना मेथीची जुडी. तिला चालायला फूटपाथ आहे का? दमली तर टेकता येतं का? प्यायला पाणी? आणि सभेत ज्याचं नाव काढायला आपण कचरतो ते बायकांचं स्वच्छतागृह, उघडं, कुलूप नसलेलं? परतीची बस हाकेच्या अंतरावर मिळते का? या पाच गोष्टी मिळाल्या की झालं. मग ते गाव राहायला चांगलं आहे असं मी बेलाशक लिहून देतो.

आता हे बाकाचं खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. गावाचं नाव घेणार नाही, तिथे अजून माझी घरपट्टी भरायची असते. तिथल्या मुख्य चौकात कडुनिंबाखाली एक बाक होता. शहाबादी फरशी, खाली विटांचे दोन पाय. फरशीच्या कडेला 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ' एवढं वाचता यायचं, मधलं नाव लोकांच्या बसण्यानं पुसून गेलं होतं. देणगीदाराचं याहून मोठं सार्थक ते काय. सकाळी दोन पेन्शनर पेपर वाटून घेऊन वाचायचे, दुपारी कुल्फीवाला डोकं टेकवायचा, संध्याकाळी बसची वाट बघणाऱ्या बायका. एक पोस्टाचा एजंट तर तिथेच पासबुकं भरायचा. त्याचं ऑफिसच ते.

मग चौकाचं सुशोभीकरण झालं. (श्रोत्यांतून: 'आमच्याकडेही झालं!') झालंच असणार, सगळीकडे एकाच वर्षी साथ आल्यासारखं झालं. बाक गेला. त्या जागी आलं एक कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी उडालं. हिरवळ आली, तिच्याभोवती स्टीलचा कठडा आला, कठड्यावर 'आत प्रवेश करू नये'. आणि पुढ्यात माणसाएवढी इंग्रजी अक्षरं, 'आय लव्ह' आणि गावाचं नाव, मध्ये लाल बदाम, रात्री आतून दिवे. आमच्या घरच्यांचा गुडघा त्या वर्षी फार दुखत होता. खरेदी झाली, रिक्षा मिळेना, उभं राहवेना. त्या सगळ्या सुशोभीकरणात टेकण्याजोगी एकच जागा होती, 'लव्ह'मधल्या एलचा आडवा पाय. त्या तिथे बसल्या. लगेच सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत आला. म्हणाला, "आजी, इथं फक्त फोटो काढायचा."

मी रीतसर अर्ज केला. बाक पूर्ववत बसवून मिळावा. लेखी उत्तर आलं की सदर जागेवर बाकाचे आरक्षण नाही. आता नकाशावर आरक्षणं टाकण्यात, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखायची ते दाखवण्यात, माझी हयात गेली. शाळेचं आरक्षण, दवाखान्याचं आरक्षण, कत्तलखान्याचं आरक्षण. बाकाचं आरक्षण मी तरी ऐकलं नव्हतं. मग प्रत्यक्ष भेटायला गेलो. तरुण अभियंता, चांगला मुलगा, चहा मागवला. म्हणाला, "सर, बसायला जागा केली की लोक बसतात." मी म्हटलं, "बरं, मग?" म्हणाला, "मग बसूनच राहतात ना."

दुकानदारही त्याच पंथाचे. पायरीवर कुणी बसू नये म्हणून खिळ्यांच्या पट्ट्या, नाहीतर ग्रॅनाइट असा तिरका बसवायचा की मांजरही घसरावं. आणि हेच व्यापारी संघाच्या बैठकीत म्हणणार, गिऱ्हाईक मॉलमध्ये चाललं. जाणारच! मॉलवाल्यानं पहिल्या मजल्यावर बाक टाकलेत, प्रत्येक मजल्यावर स्वच्छतागृह आहे, गार वारा फुकट. मॉलवाला काही परोपकारी नाही. बसलेलं माणूस उठल्यावर अजून एखादं दुकान बघतं आणि दमलेलं घरी जातं, हे गणित त्याला कळलंय. आपल्या पेठेला ते शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं, मधल्या काळात विसरलं.

संयोजक घड्याळ बघतायत. म्हणजे मी अजून पहिल्या गावातही पोचलो नाही हे त्यांच्या लक्षात आलंय.

कोल्हापूर. इथे बसण्याची सोय महापालिकेनं नाही, देवीनं केलेली आहे. महाद्वार रोडवर खरेदी करून दमलेली बाई अंबाबाईच्या आवारात जाऊन बसते, तिला कुणी 'काय काम आहे' म्हणून विचारत नाही. संध्याकाळी रंकाळा आहे. पेठांमध्ये तालमींचे कट्टे आहेत; तिथे बाई बसणार नाही, पण कुणाचं तरी लक्ष रस्त्यावर आहे हा त्यांचा मोठा उपयोग. आणि मुख्य म्हणजे शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथे अजून माणसं राहतात. बाजार बंद झाला तरी गल्ली बंद होत नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली ती जुन्या गावाबाहेर. घाऊक व्यापाराच्या गाड्या तिकडे गेल्या आणि देवळाभोवतीची पेठ चालणाऱ्यांसाठी उरली. नगररचनेत याला आम्ही आता मोठमोठी नावं देतो. दुसरी बाजूही सांगतो. हद्दवाढ दशकानुदशकं रखडली, केएमटी या शहर बससेवेची तब्येत नाजूक, आणि २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरानं काय केलं ते महामार्गावर अडकलेल्या तुम्हा लोकांना मी सांगायला नको.

नागपूर. हे राजधानीचं शहर म्हणून वाढलं आणि १९५६ साली राजधानीपण गेलं. पण रस्ते काही कुणी परत नेले नाहीत. सिव्हिल लाइन्समधली झाडं बघा, फूटपाथवरून दोन माणसं बोलत बोलत जाऊ शकतात. पुण्याच्या माणसाला हे सांगितलं तर तो 'वेळ आहे लोकांना' म्हणेल. झिरो माईलचा दगडी खांब आणि ते चार घोडे आहेत, तिथून बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, चालत जाण्याच्या अंतरावर. २०१९ पासून मेट्रो आहे आणि दोन्ही मार्ग सीताबर्डीलाच एकमेकांना मिळतात. म्हणजे माझ्या बाईला गाडी थेट बाजाराच्या दारात सोडते. ही गोष्ट फार थोड्या शहरांनी बरोबर केलीय. तिथून पुढे मात्र बर्डीच्या मेन रोडवर फेरीवाले, दुचाकी आणि गिऱ्हाईक यांची कुस्ती. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी चारच्या माझ्या कसोटीला काही अर्थ उरत नाही. शहाणं माणूस सहाच्या आधी बाहेर पडतच नाही. सावलीसाठी पडवी असलेला बाजार नागपुरात हवा होता. तो नाही.

(चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. बरं.)

नाशिकला हवा आहे, गंगापूर धरणाचं पाणी आहे, आणि बसायला गोदाघाटाच्या पायऱ्या आहेत, इतक्या की कुठल्याही महापालिकेला बांधून झाल्या नसत्या. नदीत दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कुठवर आलं यावर सराफ बाजारातले लोक माल वर हलवायचा का ते ठरवतात. हवामान खात्याचा अंदाज नंतर. तरुण मंडळी कॉलेज रोड, गंगापूर रोडला गेली, मेन रोड आणि रविवार कारंजा आई-वडिलांकडे राहिला. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आतला 'स्मार्ट रोड' करताना व्यापाऱ्यांनी जे सोसलं त्याचं स्वतंत्र व्याख्यान होईल.

संभाजीनगर. मलिक अंबरनं १६१० च्या सुमाराला खडकी, म्हणजे हेच गाव, वसवलं आणि जमिनीखालून नहरीनं पाणी आणलं. पाणचक्की त्याच परंपरेतली. आज जायकवाडीसारखं धरण पैठणला असताना वर्षानुवर्षं शहराच्या नळाला अनेक दिवसांच्या खंडानं पाणी आलं. पैठण गेट ते गुलमंडी हा रस्ता दसरा-दिवाळीला आणि ईदला बघावा, त्याच्यासारखी रौनक नाही. पण ज्या घरात बाई नळाची वेळ सांभाळत बसलीय ती बाजारात येणार कधी? सिडको महामंडळानं वसवलेल्या भागातल्या कॅनॉट बाजाराला जागा मोकळी आहे, तिकडे गर्दी सरकली. सोलापूरचंही हेच, उजनी धरण आहे आणि वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं. लातूरला गंजगोलाई आहे, मध्ये देवीचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते, महाराष्ट्रातली सर्वांत देखणी बाजाररचना असं माझं मत. आणि त्याच लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

पुणे. हं, सगळे सावरून बसले. मंडईची इमारत १८८६ ची. २०२४ पासून तिच्याजवळ जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे, हे उत्तम झालं. तुळशीबागेत आत राममंदिर आहे, त्या सभामंडपात बसता येतं. बाहेर कानातल्यांचे भाव चाललेले असतात आणि आत चार बायका पिशव्या मांडीवर घेऊन शांत बसलेल्या. २०१६ साली पुण्यानं पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ खरोखर रुंद केले. आणि लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस पादचारी दिन पाळतात. एक दिवस! बैलांनाही पोळ्याचा एकच दिवस मिळतो, पण निदान त्या दिवशी पुरणपोळी मिळते. (हशा)

आता ज्यासाठी बोलावलं तो मुद्दा, पाच मिनिटांत. या गावांत फरक का पडतो? माझं म्हणणं, पेठेत माणूस राहतो की नाही यावर सगळं ठरतं. पुण्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वाड्यांची भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, पण ज्या भाड्यात कौलं बदलता येत नाहीत त्या भाड्यात मालक वाडा सांभाळील कसा? वाडे खचले, भाडेकरू कोथरूड आणि सिंहगड रोडला गेले, वाड्याच्या जागी खाली दुकान, वर गोदाम. मग तेच कोथरूडकर स्कूटर घेऊन त्याच पेठेत खरेदीला येतात आणि पार्किंग नाही म्हणून महापालिकेला शिव्या देतात. राहणारा कमी झाला की रात्रीचा दिवा, सकाळची झाडलोट, स्वच्छतागृहाला कुलूप का म्हणून विचारणारा, सगळे एकदमच कमी होतात. उलट टोकाला नवी मुंबई बघा. सिडकोनं बेलापूरला व्यापारी केंद्र नकाशावर आखलं, 'सीबीडी बेलापूर' असं नावातच ते घातलं, पण गजबज झाली वाशीला. बाजार नकाशावर लिहून येत नाही, हे नकाशे काढणाऱ्याकडून ऐका.

करायचं काय? जुन्या वाड्याच्या दुरुस्तीला परवानगी आणि कर्ज सोपं करा, पाडून नवा बांधण्यापेक्षा सोपं. बसचा शेवटचा थांबा पेठेच्या तोंडाशी ठेवा, बाहेर ढकलू नका. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे घ्या. पुण्यानं २०१८ साली तसं धोरण मंजूर केलं आणि सर्वपक्षीय घाबरून ते बासनात ठेवलं. विकास आराखड्यात दर दोनशे मीटरला बाक, पाणी आणि बायकांचं स्वच्छतागृह यांची जागा दाखवा, म्हणजे 'आरक्षण नाही' हे उत्तर देता येणार नाही. तुमचं तर गाव गाड्यांसाठी पोवई नाक्याखाली जमीन खणून रस्ता करणारं आहे. राजपथावर बाक टाकायला खणावंही लागत नाही.

क्रम सांगतो, लिहून घ्या: कोल्हापूर, नागपूर, नाशिक, पुणे, संभाजीनगर. पाण्याचा प्रश्न सुटला की शेवटचं नाव एकदम वर येईल, कारण गुलमंडीत अजून लोक राहतात. पुणेकर कुणी असतील तर त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, तेव्हा पहिला प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारा.