अबोली: एका नावाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आज एका मुलीच्या नावाबद्दल बोलायचं आहे. नाव आहे अबोली. गंमत बघा, जिच्या नावातच न बोलणं आहे, तिच्यावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय!

अबोलीचं फूल तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोव्यात चवथीला, लग्नाला, बारशाला अबोलीच्या फातीशिवाय, म्हणजे गजऱ्याशिवाय, कुणाचं भागतं का? केळीच्या सोपटाचा दोरा आणि त्यात घट्ट गुंफलेली अबोली. (आता प्लास्टिकच्या दोऱ्यात, आणि कधी कधी तर फुलंच प्लास्टिकची! बाणस्तारीच्या बाजारात मी ती हातात घेऊन परत ठेवून दिली. असो.) फुलाला वास नाही, पण दोन-तीन दिवस कोमेजत नाही. अबोली रंगाचं लुगडं म्हटलं की आपल्याला तो फिका केशरी रंग लगेच दिसतो. म्हणजे हे फूल, हा रंग, आणि हे मुलीचं नाव, तिन्ही एकच.

अर्थ काय? अ आणि बोल. न बोलणारी ती अबोली. वास नाही म्हणून फूल मुकं, असंही आपल्याकडे सांगतात. आणि नवरा-बायकोत 'अबोला' धरला जातो, तो याच घरातला शब्द, असं आपण धरून चालतो. पण कारवारच्या पलीकडे गेलात की कानडीत याच फुलाला 'अब्बलिगे' म्हणतात. तमिळमध्ये 'कनकांबरम'. झुडूप मूळचं दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचं, म्हणजे कानडी मुलूख त्याच्या घरचाच. म्हणून माझ्या कानाला वाटतं, की शब्द आधी झाडाबरोबर आला, आणि त्यातलं 'न बोलणं' आपण मराठी माणसांनी नंतर ऐकलं. पटत नसेल तर सोडून द्या. पण 'न बोलणारी' हा अर्थ लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

नाव लोकप्रिय कसं झालं? आपल्या आज्यांच्या पिढीत शेवंती होती, चंपा होती. मग सुमन, कुसुम, पुष्पा आल्या, म्हणजे फूल कुठलं ते सांगायचंच नाही, नुसतं फूल! त्यानंतर पुन्हा नेमकी फुलं आली: जुई, सायली, केतकी, अबोली. २०२१मध्ये तर एका वाहिनीवर याच नावाची मालिका सुरू झाली. आता काही जण इंग्रजीत लिहिताना शेवटी एक जास्तीचं अक्षर लावतात, म्हणे आकडा शुभ येतो. अक्षर वाढवून नशीब वाढत असतं तर आमच्या जुन्या पोर्तुगीज दप्तरातली लांबलचक नावंच सगळ्यांत सुखी झाली असती.

बरं, आता गोष्ट.

माझ्या ताईला मुलगी झाली. सासर बोरीला. बारशाच्या दिवशी आत्यानं कानात कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं, अबोली. पाळण्याभोवतीच्या बायका हसल्या, गूळ-खोबरं वाटलं गेलं. फक्त ताईच्या सासूबाई, मांय, दारात उभ्या. म्हणाल्या, "मोनें नांव दवरल्यार चेडूं मोनें जातलें!" मुकं नाव ठेवलंत तर पोर मुकी होईल. आत्यानं हसण्यावारी नेलं. मांयनं मात्र त्या दिवसापासून नातीला नावानं हाक मारली नाही. नुसतं 'बाय' म्हणायची.

आणि काय सांगू, पोर खरंच बोलेना! वर्ष झालं, दोन झाली, अडीच झाली. ऐकू सगळं येई, हाक मारली की धावत येई, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. मांय थांबणारी नव्हे. तिनं देवळात जाऊन पाकळ्यांचा कौल लावला, म्हणजे मूर्तीला लावलेली पाकळी कशी पडते त्यावरून देवाचं उत्तर घेतलं. पाकळी मनासारखी पडली, तशी घरी येऊन ताईला म्हणाली, देव बोलला, आता पोरीनं बोलायला हवं.

मे संपत आला होता. अंगणाच्या कडेला अबोलीचा वाफा, फुलं सरलेली, वाळलेली कणसं तशीच उभी. एके दुपारी आभाळ भरलं आणि पहिली सर आली. मांय पडवीत बसलेली, पोर उंबऱ्यावर. आणि वाफ्यातून आवाज यायला लागला. चट्ट. चट्ट. चट्ट-चट्ट.

तुम्ही ऐकला असेल हा आवाज. अबोलीचं वाळलेलं बोंड भिजलं की ताडकन फुटतं आणि बी लांब उडतं. झाडाचा आपला बी पेरायचा तोच मार्ग. पाणी मिळालं, की फुटायचं.

पोर उठून वाफ्याकडे बघत राहिली. एक बी उडून पायावर आलं. तिनं मांयकडे वळून म्हटलं, "चट्ट!"

आई नाही, बाबा नाही. पहिला शब्द चट्ट. ताई आतून धावत आली, तर मांय भर पावसात वाफ्यापाशी उभी, आणि म्हणतेय, "आयकलें मगो? आबोलीं उलयतात!" ऐकलंस का, अबोली बोलतात! आणि मग मागे वळून तिनं हाक मारली, "अबोली, हांगा यो!" अडीच वर्षांत पहिल्यांदा.

ती पोर आता कॉलेजात आहे. खरं सांगायचं तर अजूनही कमीच बोलते. मांय मात्र वाळलेली कणसं पावडरच्या एका जुन्या डब्यात जपून ठेवते. पाहुणा आला की ताटलीत दोन बोंडं, वर पाण्याचा शिंतोडा, आणि म्हणते, "जरा कान लाव."

नमस्कार.