वाढ पाहायची ती भांडणात

बंधुभगिनींनो, आत्मिक वाढ कशावरून ओळखायची, असं विचारलं की आपल्या खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांत उत्तर ठरलेलं असतं: बाप्तिस्म्याला किती वर्षं झाली, उपास किती धरतो, प्रार्थना किती लांब करतो. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पहिल्या पत्राच्या आरंभीच सांगतो की तुमच्यात कोणत्याही कृपादानाची, म्हणजे देवाने दिलेल्या देणगीची, उणीव नाही. तिसऱ्या अध्यायात मात्र त्याच लोकांना तो बाळं म्हणतो, तुम्हाला दूधच पाजावं लागलं म्हणतो. का? तर त्यांच्यात हेवा आणि भांडणं होती.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 18:15 ते 17 नीट बघू. भावाने अपराध केला तर काय करायचं, ते येशू तिथे पायरीपायरीने सांगतो. समजा, धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आहे आणि दोन्ही घरं एकाच मंडळीतली. पहिली पायरी, एकट्याने जाऊन बोलायचं. बहुतेकांचं इथंच बिघडतं. माणूस आधी पास्टरांकडे जातो, नाहीतर सोयऱ्यांना फोन लावतो. काही जण तर रविवारी प्रार्थनेत नाव न घेता देवाला सगळं सांगतात, आणि कोणाबद्दल चाललंय ते अख्ख्या मंडळीला कळतं! गेलात तर धुऱ्याचंच बोला, विहिरीचं जुनं भांडण उकरू नका. वेचणीच्या दिवसांत वावरात मजुरांसमोर विषय काढलात, तर तो एकांत राहत नाही.

ऐकलं नाही, तर एक-दोघांना सोबत न्या. ते आपल्या बाजूचे नकोत. साक्षीदारांचा हा नियम अनुवाद 19:15 मधला आहे, आणि साक्षीदाराने दोघांचंही ऐकायचं असतं. त्यानंतर मंडळीला सांगा. तरीही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा, म्हणजे लोक ज्याला दूर ठेवत त्या कर गोळा करणाऱ्यासारखा, समजा, असं वचन आहे. त्याचा अर्थ बोलणं-पाणी तोडणं असा घेतला जातो. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता, आणि मत्तयाला त्याने जकातीच्या नाक्यावरूनच बोलावलं.

एक सांगून ठेवतो. मारहाण किंवा अत्याचार झाला असेल, तर पीडित बाईला किंवा लेकराला ‘आधी एकटी जाऊन बोल’ म्हणू नका. तिथे पोलिसांत जायचं.

आता वाढीसाठी बायबल वाचनाचं थोडक्यात. उत्पत्तीपासून धडाक्याने सुरू करणारे बरेचदा निर्गमातल्या निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, मोजमापांत अडकतात. त्यापेक्षा मार्काचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्याय आहेत. पहाटे वावरात निघण्याआधी दहा-पंधरा ओव्या पुरतात. वाचता येत नसेल त्याला घरातल्या मुलाने वाचून दाखवावं. उघडेल ते पान आजचं वचन, ही सवय सोडा. आणि वाचलेल्यातलं आज काय करायचं, ते एकच ठरवा. इब्री 5:14 मध्ये जड अन्न प्रौढांसाठी म्हटलंय, आणि प्रौढ म्हणजे सरावाने ज्यांना चांगलं-वाईट ओळखता येतं ते.

शेवटी पुन्हा समेटाकडे, मत्तय 5:23-24. वेदीपाशी भावाची आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, रविवार आपल्याला आधीच माहीत असतो, म्हणून समेटाला जाणं आदल्या आठवड्यात उरका. त्या दिवशी सकाळी चर्चच्या दारात गाठून ‘माफ करा’ म्हटलं, तर चारचौघांत समोरच्याला मनातलं बोलायची सोय उरत नाही.