आधी दम, मग पाय: नागपूरकरांची मनाली ते लेह

(दृश्य: पहाटे सेमिनरी हिल्सचा चढ, सायकलींचे दिवे)

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. इथल्या सायकलवाल्यांसाठी चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, फार तर रामटेकचा गड. तेवढ्यावर आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सराव करून आमचा गट जुलैमध्ये मनालीत दाखल झाला. पुढे लेहपर्यंत पावणेपाचशेच्या आसपास किलोमीटर आणि वाटेत पाच खिंडी. शेवटची टांगलांग ला ५,३०० मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. पायांची तयारी नागपुरात झाली होती, विरळ हवेची सवय मात्र तिथे जाऊनच लागते.

(दृश्य: रोहतांग उतरताना, खाली चंद्रा नदी)

रोहतांगपर्यंत देवदार, धुकं, चिखल. पलीकडे उतरलो की झाडं विरळ होत जातात, कारण पावसाचे ढग अलीकडेच रिकामे होतात. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला, ते आपण विसरलेलो नाही. लेहला वर्षभरात पडतो तो साधारण तेवढाच!

तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात. पुढच्या नदीचं नाव चंद्रभागा, हे कळताच गटातल्या एका काकूंनी सायकल आडवी ठेवून हात जोडले.

जिस्पाला गाईडने सगळ्यांना थांबवलं. आमचा गाईड लाहौलचाच, बोलणं मोजकं. "भाऊ, पाय तर एकदम ताजे आहेत ना, मग थांबायचं काहून?" पोरं कुरकुरली. त्याने उत्तर दिलं नाही. दुपारी सगळ्यांना मागच्या डोंगरावर चालत नेलं आणि झोपायला परत खाली आणलं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा फारशी वाढवू नये, असा त्याचा हिशेब.

पुढच्या मुक्कामी त्याचं मोल कळलं. गटातल्या सगळ्यात दणकट गड्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण नको झालं. गाईडने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला आणि सोबतची गाडी काढून त्याला रात्रीच खाली जिस्पाला नेलं. सकाळपर्यंत वाट पाहूया, असं आम्ही म्हणत होतो. आज वाटतं, अख्ख्या प्रवासातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. दोन मुक्काम उशिराने तो गडी हसत परत आला.

(दृश्य: रस्त्यावरून वाहणारा नाला, जवळून)

हे नाले बर्फाच्या पाण्याचे. ऊन तापलं की दुपारी फुगतात, म्हणून ओलांडायचे सकाळीच. बूट गळ्यात, सायकल खांद्यावर, पाणी नडगीपर्यंत. चौथ्या-पाचव्या पावलाला बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. गाईड प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभा, एकेकाचा दंड धरून पलीकडे काढत होता.

मग बारालाचा ला. खिंडीच्या अलीकडे सूरज तालातून निघालेली भागा चंद्रभागेकडे जाते, पलीकडचं पाणी झांस्करमार्गे सिंधूला. सर्चू मागे पडलं की गाटा लूप्स, एकवीस वळणं. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. तिथे तहानेने गेलेल्या ट्रकच्या क्लीनरसाठी ड्रायव्हर लोक त्या ठेवतात, अशी वाटेवरची दंतकथा. आम्हीही एक भरलेली बाटली ठेवली.

पांगनंतर मोरे पठार. चाळीसेक किलोमीटर जवळपास सपाट. नागपूरकरांना वाटलं, आता आपलं राज्य. पण दुपारनंतर समोरून वारा सुटला आणि सपाटीवरही सगळ्यात हलका गिअर टाकावा लागला. लांब कियांगांचा, म्हणजे तिथल्या रानगाढवांचा, कळप धूळ उडवत निघून गेला. आम्ही मान खाली घालून, एकामागे एक.

(दृश्य: टांगलांग ला, पताका)

टांगलांग लाचा चढ काकूंनी थांबत थांबत, पण एकदाही गाडीत न बसता पूर्ण केला. वर फोटो काढू दिले आणि गाईडने लगेच सगळ्यांना उतरायला लावलं. खाली रुमत्सेला जवाची हिरवी शेतं, अंगणात वाळत घातलेले कपडे, टाळी द्यायला रस्त्यावर धावणारी मुलं. उपशीला सिंधू भेटली.

तिथून लेह पन्नासेक किलोमीटर. तेव्हा कुठे आमचा गाईड म्हणाला, "आता पळवा, हवी तेवढी!"