खोली गुण्यात नसेल तर

मगाशी एका काकूंनी विचारलं, "आमचा हॉल गोमुखी आहे, सोफा कुठे ठेवू?" पुढे अरुंद आणि मागे रुंद जागेला वास्तूवाले गोमुखी म्हणतात, शुभ मानतात. असेल शुभ. पण तिरक्या भिंतीला सोफा लावला की मागे फट पडते, आणि तिच्यात रिमोट, पेन, नातवाचे मोजे असं सगळं जमतं.

आधी खोली किती वाकडी आहे ते मोजा. सुतार म्हणतो, "साहेब, खोली गुण्यात नाही." गुण्या म्हणजे त्याची काटकोनी पट्टी. ती नसली तरी अडत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. जास्त आलं तर कोपरा फाकलाय, कमी आलं तर मिटलाय. गवंडी पाया आखताना हेच करतात. हे न करता एल आकाराचा सोफा आणणारे नंतर मला फोन करतात.

माझी स्वतःची खोली सांगतो. पुण्यातल्या पेठेतलं घर. गल्ली तिरकी, म्हणून गल्लीकडची भिंतही तिरकी. एक बाजू चौदा फूट, समोरची अकरा, रुंदी दहा. पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात: सामान भिंतींना चिकटवलं. कपाट सरळ भिंतीला, पलंग तिरक्या भिंतीला. रात्री दिवा लावला आणि टाइल्सच्या रेषांनी माझी फजिती केली. रेषा सरळ चाललेल्या आणि पलंग त्यांना कापत गेलेला. बायको म्हणाली, "झोपल्यावर घरंगळल्यासारखं वाटतं." महिनाभर मी ते हसण्यावारी नेलं.

मग खडू घेतला आणि खोलीत बसेल तो मोठ्यात मोठा चौकोन आखला, अकरा बाय दहाचा. पलंग, कपाट, जे काही मोठं ते या चौकोनाच्या रेषेत. उरला एक त्रिकोण: एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला शून्य. रुंद टोकाला आरामखुर्ची बसली. उरलेल्या भागात खिडकीखाली ठेंगणं फडताळ केलं. सुताराने आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापला. फळीची पुढची कड चौकोनाच्या रेषेत सरळ, मागची भिंतीप्रमाणे तिरकी. डोळ्याला पुढचीच कड दिसते. वाकडेपणा मागे, पुस्तकांच्या पाठीशी. शेवटचं निमुळतं टोक मी भरायला निघालो होतो, सुतारानेच थांबवलं. तिथे आता छत्री उभी असते.

मध्येच खांब पुढे आला असेल तर त्याच्या बाजूची खाच किती खोल आहे ते मोजा. नऊ इंचांत पुस्तकं, बरण्या, चपला राहतात. कपडे नाही राहत. हँगर आडवा टांगायचा तर आतून जवळजवळ दोन फूट लागतात.

आणि विकत घेण्याआधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याच्या मापाचा कागद करा. तो दोन दिवस जमिनीवर पडू दे. हातात चहाचा ट्रे घेऊन त्यावर पाय न देता जाता आलं पाहिजे; अडीच फूट वाट सोडली तर जाता येतं. कपाटाचं दार उघडून, वाकून खालचा कप्पाही काढून बघा. दुकानात सगळंच छोटं दिसतं, कारण दुकान मोठं असतं.

तर काकू, तुमचा सोफा मागच्या रुंद भिंतीला. दाराच्या भिंतीला तेवढी एकच समांतर असणार. फक्त पैसे देण्याआधी जिन्याचं वळण मोजा. आमचा पलंग शेवटी पाय कापून वर गेला.