‘तू बोललंस, पण माका खंय बोललंस?’

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘पन्नाशीनंतर जाहिरात’. मघाशी पायऱ्या चढताना एका मित्राने खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “कोणासाठी स्थळ बघतंस रे?” तर आधी खुलासा. आमचं लग्न झालेलं आहे, सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि विषय आहे जाहिराती लिहिण्याचा धंदा. तो मी 58 व्या वर्षी, एसटीतून निवृत्त झाल्यावर सुरू केला. कसा करावा, तेही सांगणार आहे. पण त्याआधी जरा स्टँडवर जाऊन येऊ.

तुमच्यातले निम्मे मला तोंडाने नाही, आवाजाने ओळखतात. वाहतूक नियंत्रकाची खिडकी, पुढ्यात माईक, आणि पोटात सकाळचा घावणा. सुरुवातीला मीही रीतीप्रमाणे सुरू करायचो, ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.’ मग गाडी कुठून आली, कुठे जाणार, फलाट कितवा. एक मासेवाली म्हातारी होती, तुळस गावची. बाजार आटोपला की रिकामी पाटी घेऊन खिडकीशी यायची. “झिला, माझी गाडी लागली काय?”

एकदा मी वैतागलो. म्हटलं, “आये, आत्ताच तीनदा बोललंय मां!”

म्हातारी शांतपणे म्हणाली, “तू बोललंस रे, पण माका खंय बोललंस?”

हसू नका. जाहिरातीबद्दल मी जे ऐकलं-वाचलं, त्यात याच्या वरचढ काही मला अजून सापडलेलं नाही. म्हातारी पदराच्या गाठीतले पैसे मोजत असायची. मी ‘प्रवाशांनी कृपया’ म्हणायचो, तेव्हा तिच्या लेखी ते ‘प्रवासी’ दुसरेच कोणीतरी होते. तिचं गाव येईपर्यंत कान मिटलेला. दुसऱ्या दिवसापासून मी वाक्य उलटं केलं. “तुळस! होडावडे! तळवडे! सावंतवाडी गाडी, दोन नंबरला.” वाक्य संपायच्या आत माणसं उठायला लागली. मठ गाव मात्र दोनदा म्हणावं लागे. नाव एवढंसं, एका हॉर्नमध्ये गायब. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली तर तीनदा.

मग मला ग म्हणजे गर्व चढला. एका संध्याकाळी गाडी लवकर भरावी म्हणून मी ठोकून दिलं, “ही शेवटची गाडी!” शेवटची नव्हती, मागे अजून एक होती. लोक धावले, एकाची छत्री बाकावर राहिली, दारात रेटारेटी. मागची गाडी जवळजवळ रिकामी गेली आणि तिचा कंडक्टर माझ्याकडे असा बघत गेला की आजही आठवतं. खरी शिक्षा पुढच्या आठवड्यात झाली. गाडी खरोखरच शेवटची होती, मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि सहा माणसं निवांत चहा पीत राहिली. त्यांना माझ्या ओळखीच्या टेम्पोतून घरी पोचवलं. भाडं माझ्या खिशातून.

म्हणून ‘ऑफर फक्त आज’ असं महिनाभर लिहिलेलं दिसलं की मला त्या सहा जणांचे चहाचे कप दिसतात. हापूसचं बघा. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्याच आंब्याला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, हे पाच जिल्हे. तरी मुंबईत ज्या त्या गाडीवर ‘देवगड हापूस’. एवढा आंबा देवगडात पिकला असता तर देवगडात माणसांना राहायला जागा उरली नसती! परवा एक आंबेवाला मला म्हणाला, “काका, तुम्ही नुसतं देवगड लिहा, पुढचं मी बघतो.” मी लिहिलं नाही. पैसे गेले, पेटीही गेली. पेटीचं जास्त लागलं.

‘काका’वरून आठवलं. निवृत्तीनंतर मी मुंबईला एका जाहिरात एजन्सीत काम मागायला गेलो होतो. समोर पंचविशीचा मुलगा. म्हणाला, “पोर्टफोलिओ आणलाय?” मी सेवापुस्तकाची झेरॉक्स पुढे केली. त्याने ती दोन्ही बाजूंनी बघितली. पोरगा सभ्य, हसला नाही. म्हणाला, “कळवतो हं, काका.” ‘सर’ म्हणाला असता तर आशा होती. ‘काका’ म्हटलं की समजावं, परतीचं तिकीट काढावं.

परतीच्या प्रवासात मी मनातल्या मनात जाहिरातीतल्या मोठ्या माणसांची सुरुवातीची वयं मोजली. लिओ बर्नेटने शिकागोत एजन्सी काढली 1935 साली, ऐन मंदीत, वय 43. स्वागतकक्षात सफरचंदांचं भांडं ठेवलं, तर लोक म्हणाले, हा लवकरच रस्त्यावर सफरचंदं विकणार. डेव्हिड ओगिल्वीने न्यूयॉर्कमध्ये 1948 साली सुरुवात केली, सदतिशीत. त्याआधी तो पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, स्कॉटलंडमध्ये दारोदार चुली विकायचा. आपले पियूष पांडे 1982 साली जाहिरातीत आले, त्याआधी चहाची चव घेण्याची नोकरी आणि रणजीचं क्रिकेट. वय 27. माझ्या हिशेबात सगळी पोरंच. पण प्रत्येकाने आधी दुसरं काहीतरी केलेलं...

काय? वीस मिनिटं? दहा? बरं.

तर मूळ विषय, भराभर. पोर्टफोलिओ म्हणजे नमुने, आणि ते कोणी काम दिलं नाही तरी करता येतात. ओळखीचा काजू कारखाना, शेजारचं घरगुती निवास, सोलकढीवाला, यांच्या पाच-सहा जाहिराती आपल्याच वहीत लिहा. मग त्या त्यांना दाखवा. चित्र-मांडणीसाठी एखादा तरुण जोडीदार घ्या, शब्द तुमचे, मोबाइल त्याचा, पैसे निम्मे-निम्मे. आधी ठरवा, लिहून घ्या.

पैसे रोखीत. आंब्यात नाही. मी पहिलं वर्ष आंब्यात काढलं, बँक ते जमा करून घेत नाही.

व्हॉट्सॲपवर संदेश उघडण्याआधी पहिली ओळच काय ती दिसते. तिथे ‘आमच्या सर्व ग्राहकांना कळविण्यात आनंद होतो की’ लिहिलंत तर संपलं. ‘तुळस’ आधी. गिऱ्हाइकाचं गाव, त्याची अडचण, मग तुमचं नाव. आणि नातेवाइकांचं काम घेऊ नका, याचं कारण सौभाग्यवती समोर असताना सांगता येत नाही.

आणखी दोन मुद्दे होते, ते राहू द्या, कारण तुळस-होडावड्याची मंडळी घड्याळ बघतायत. गाडी दोन नंबरला लागली असेल. आणि ऐका, आज ती खरंच शेवटची आहे.